जाम कॅलिपर आणि नागसेनाचा रथ

वरंधा घाट उतरून महाडच्या बाजूला आलेली पंधरा-सोळा वर्षांची गाडी. पुढच्या डाव्या चाकाजवळ गेलं की करपल्याचा वास, आणि रिमला हात लावायची सोय नाही; उजवं चाक मात्र घाट उतरल्यावर तापायला हवं तेवढंच तापलेलं. गेले काही दिवस गाडी डावीकडे ओढत होती, ॲव्हरेजही पडला होता, पण एकाचं खापर खड्ड्यांवर आणि दुसऱ्याचं पंपावरच्या पेट्रोलवर फोडून झालं होतं. गॅरेजमध्ये जॅक लागतो, चाक निघतं. मेस्त्री डिस्क हातानं फिरवायला जातो आणि ती हलत नाही. निदान दोन शब्दांचं: कॅलिपर जाम. आणि लगेच प्रश्न येतो, "साहेब, किट टाकू की अख्खा बदलू?"

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये रोज विचारला जाणारा हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर बहुतेक वेळा खिसा देतो, कधी घाई देते. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. वस्तूचा एकेक भाग बदलत गेलं तर ती वस्तू कुठपर्यंत तीच राहते? आणि काय सांभाळायचं, काय सोडायचं, हे कशावरून ठरवायचं? भारतात याची चर्चा रथाच्या निमित्तानं झाली. ज्यांनी ती केली त्यांना रथाचं फारसं सोयरसुतक नव्हतं. त्यांना माणसाबद्दल बोलायचं होतं. पण रथाच्या जागी जुनी मोटार ठेवली आणि चाकाच्या जागी कॅलिपर, तर त्या चर्चेला वेगळीच धार येते. चाक मोडलं तर रथ थांबतो. कॅलिपर बिघडला तर गाडी थांबत नाही.

आधी हे यंत्र नीट पाहायला हवं. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, कॅलिपर चिमट्यासारखा बसलेला असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनवर येतो, पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. साध्या गाड्यांमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. मग बाहेरचा पॅड कोण दाबतं? कॅलिपर स्वतः. तो दोन पिनांवर सरकता बसवलेला असतो. पिस्टन डिस्कला ढकलतो तेव्हा उलट्या दिशेनं कॅलिपरचं अंग मागे सरकतं आणि बाहेरचा पॅड ओढून घेतं. त्या पिनांवरचं ग्रीस वाळलं की सरकणं थांबतं, आणि मग आतला पॅड संपत आलेला, बाहेरचा जाडजूड, असं चित्र दिसतं.

खरी करामत मात्र एका रबरी सीलची आहे. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक कडं बसवलेलं असतं. त्याचं एक काम ऑइल अडवणं, हे उघडच आहे. दुसरं काम लक्षात येत नाही. पिस्टन पुढे जाताना हे कडं त्याला धरून थोडं वाकतं. पेडल सोडलं की ते पूर्वस्थितीला येतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाएवढं मागे घेतं. डिस्क मोकळी होते ती एवढ्यावरच. तिथं कुठलीही स्प्रिंग नाही. पॅड झिजले की पिस्टन कड्यातून किंचित पुढे घसरतो आणि नव्या जागेवरून तेच काम सुरू राहतं. म्हणजे झीज गृहीत धरूनच हे यंत्र घडवलं आहे.

वैरी दोन: पाणी आणि दुर्लक्ष. डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर गिअरचा आधार न घेता नुसतं पेडल दाबत राहिलं की ते ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल तळाला जातं, गाडी मात्र चालतच राहते. हेच पाणी आतून सिलिंडरला गंज आणतं. बाहेरून, पिस्टनचं रबरी बूट फाटलं की कोकणातला एक पावसाळाही पुरतो. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावं असं सांगतात. जुन्या गाड्यांचे किती मालक ते करतात, हा प्रश्न सोडून दिलेला बरा.

आता रथाकडे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, पाली परंपरेतला मिलिंद, सागल नगरीत भिक्षू नागसेनाला भेटतो. सागल म्हणजे आजचं सियालकोट, असं सहसा मानलं जातं. नाव विचारल्यावर भिक्षू म्हणतो की नागसेन हे केवळ हाक मारण्यापुरतं नाव आहे, त्यामागे कुणी कायमची व्यक्ती सापडत नाही. राजा त्याला कोंडीत पकडतो: मग भिक्षा कोण घेतो, शील कोण पाळतो? नागसेन उलट विचारतो की महाराज आले कशातून. रथातून. मग रथ दाखवा. दांडा म्हणजे रथ? नाही. आस? चाकं? जू? लगाम? नाही. हे सगळं मिळून? तेही नाही. यांच्याहून वेगळं काही? नाही. अखेर राजाच कबूल करतो की या सगळ्या भागांच्या आधारानं 'रथ' हा व्यवहार चालतो, एवढंच. मुंबई विद्यापीठानं १९४० साली रा. द. वाडेकरांनी संपादित केलेली 'मिलिंदपञ्ह'ची देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा हा संवाद मराठी अभ्यासकाच्या हाताशी त्याच्या ओळखीच्या लिपीत आला. रा. द. वाडेकरांच्याही आधी गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी पाली वाङ्मयाची वाट मराठीत मळवून ठेवली होती.

सातव्या शतकातला बौद्ध आचार्य चंद्रकीर्ती हा युक्तिवाद आणखी पिळतो. भागांचा ढीग म्हणजे रथ म्हणावं, तर ढीग तर खोलून ठेवलेल्या भागांचाही असतो. आकार म्हणजे रथ म्हणावं, तर आकार कुणाचा, एकेका भागाचा की सगळ्यांचा? वाचताना हे तर्काचे खेळ वाटतात. गॅरेजमध्ये तसे वाटत नाहीत. डावा आणि उजवा कॅलिपर पुष्कळदा एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात, आणि काही गाड्यांवर चुकून अदलाबदल करूनही बसतात. सगळे भाग नवे, सगळे बोल्ट घट्ट, ऑइल ताजं. पण हवा काढायचा निपल वर असायला हवा, तो खाली गेलेला असतो. हवा वर चढते, निपल खाली. कितीही वेळ पेडल मारलं तरी आतला बुडबुडा बाहेर पडत नाही आणि पेडल लिबलिबीत राहतं. भागांची यादी तपासली तर एकही भाग कमी नाही. ब्रेक मात्र नाही.

नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांना, बौद्धांचं हे म्हणणं अजिबात मान्य नव्हतं. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा 'अवयवी' खरोखर असतो आणि तो अवयवांत समवाय, म्हणजे कधी न सुटणाऱ्या, संबंधानं राहतो. न्यायसूत्रांत त्यासाठी दिलेलं एक कारण मोठं मजेदार आहे: धारण आणि आकर्षण. वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सगळी येते. नुसता परमाणूंचा ढिगारा असता तर मुठीत आले तेवढेच परमाणू आले असते. कॅलिपर रोज नेमकं हेच करतो. तळहाताएवढे पॅड डिस्कचा एक तुकडा धरतात आणि टनभर वजनाची गाडी थांबते. नैयायिकाला याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता.

पण भाष्यकार वात्स्यायन प्रामाणिक आहे. तो स्वतःच्याच पक्षाच्या या युक्तिवादाला टाचणी लावतो: लाखेनं चिकटवलेलं गवत, दगड, लाकूडही एकत्र ओढलं जातं, म्हणून त्यांचा एक अवयवी झाला का? मोटारीत हा आक्षेप रोज सिद्ध होतो. ब्रेक लागल्यावर बेल्ट लावलेला प्रवासी गाडीबरोबर थांबतो, न लावलेला पुढे जातो. म्हणून पहिला गाडीचा अवयव आणि दुसरा नाही, असं कुणी म्हणणार नाही; विमा कंपनी कदाचित म्हणेल.

न्याय-वैशेषिकांची खरी अडचण पुढे आहे. अवयवी जर त्याच्या अवयवांवर राहतो, तर एक अवयव काढल्यावर त्याचं काय होतं? त्यांनी पळवाट शोधली नाही. कापडातले काही धागे काढले की जुनं कापड नष्ट झालं आणि उरलेल्या धाग्यांचं नवं कापड, 'खंडपट', जन्माला आलं, असं त्यांनी सांगून टाकलं. 'हे तेच कापड' ही ओळख सारखेपणामुळे होते, दिव्याच्या ज्योतीकडे बघून 'तीच ज्योत' म्हणतो तशी. हा न्याय लावला तर कॅलिपर बदलून गॅरेजमधून बाहेर पडलेली गाडी ही आत गेलेली गाडी नव्हेच. पंक्चर काढतानाही एक गाडी मरते आणि दुसरी जन्मते. आरटीओनं हे मनावर घेतलं तर नोंदणीची रांग कधी संपायची नाही.

आरटीओनं स्वतःपुरतं उत्तर काढलंय, आणि ते तत्त्वज्ञाच्या उत्तराहून जास्त व्यवहारी आहे. गाडीची ओळख चासी क्रमांकात. इंजिन बदलायचं तर परवानगी आणि नोंद लागते. कॅलिपरला क्रमांकही नाही आणि नोंदणीपुस्तकात जागाही नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. चासी क्रमांकाची खूण मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच. क्रमांक कोरलेला पत्राच गंजून गेला तर काय, असं विचारणारा नागसेन आरटीओच्या खिडकीत अजून पोचलेला नाही.

न्यायालयात मात्र पोचला, लंडनच्या. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली स्पीड सिक्स. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं तिनं ले माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली; दोन्ही वेळा वुल्फ बर्नाटो चालकांपैकी एक होता. पुढे तिचं रूप पालटत गेलं, आठ लिटरचं इंजिन बसलं, आणि १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या कडेवरून उडाली. त्यात क्लाइव्ह डन्फी ठार झाला. त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली, बंद टपाची कूपे म्हणून. कित्येक दशकांनी एका मालकानं तिला पुन्हा ले माँच्या रूपात आणलं आणि १९९० साली एक कोटी पौंडांना विकायचा करार केला. खरेदीदार मागे हटला. त्याचं म्हणणं, ही ती गाडीच नव्हे. तपासात त्याच्या बाजूनं पुष्कळ निघालं: १९२९ साली ले माँला धावलेल्या गाडीतलं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं, १९३० सालचंही मोजकंच.

न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल मालकाच्या बाजूनं दिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: ही गाडी कधीच नाहीशी होऊन नव्यानं उगवली नाही. नवे भाग हळूहळू, वेगवेगळ्या काळात, चालत्या गाडीत सामावले गेले; कुठल्याही एका टप्प्यावर ओळख तुटली असं दाखवता येत नाही. म्हणून 'मूळ' हा शब्द तिला लावता आला नाही तरी ती 'अस्सल' आहे. खंडपटवाल्यांना हे पटलं नसतं. नागसेनाला बहुधा पटलं असतं; फक्त त्यानं हसून विचारलं असतं की हा सगळा व्यवहारच आहे, तर मग एक कोटी कशाचे? जाता जाता एक गोष्ट: त्या बेंटलीला डिस्क ब्रेक नव्हतेच, ड्रम होते. ले माँची शर्यत डिस्क ब्रेकच्या गाडीनं जिंकली ती १९५३ साली, जॅग्वार सी-टाइपनं.

या निकालात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती कॅलिपरवर नीट लागू पडते. बेंटलीचे भाग बदलले कशासाठी? ती धावत होती म्हणून. संग्रहालयात उभी राहिली असती तर सगळे मूळ भाग टिकले असते. मूळ भागांचा हव्यास आणि गाडीचं गाडीपण यांचं इथं भांडण लागतं.

हे भांडण सगळ्यात उघड दिसतं ते अमेरिकेच्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये. १९६५ पासून १९८२ पर्यंत या गाडीला चारही चाकांना चार-चार पिस्टनांचे कॅलिपर होते. कागदावर ते झकास होतं. पण बीडाच्या सिलिंडरला ओलाव्यानं आतून गंज धरायचा, बारीक खड्डे पडायचे, सीलला कड मिळायची नाही आणि ऑइल गळायचं. नवं सील टाकलं तरी काही दिवसांनी तेच. साधा उपाय, कॅलिपर बदला. पण जुन्या कॉर्व्हेटच्या शौकिनांना ओतकामावरचे मूळ क्रमांक आणि तारखेच्या खुणा जपायच्या असतात. त्यावर गाडीची किंमत ठरते. मग मधला मार्ग निघाला. सिलिंडर मोठा कोरून काढायचा आणि आत स्टेनलेस स्टीलची नळी ठोकून बसवायची. बाहेरून कॅलिपर कारखान्यातून आला तोच, क्रमांकासकट. आत जिथं पिस्टन चालतो, जिथं जीव टांगणीला लागतो, तिथं नवं पोलाद.

यावर 'फसवणूक' असा शिक्का मारायचा मोह होतो. तो चुकीचा आहे. ज्या भागावर काम अवलंबून आहे तो बदलला, ज्यात केवळ स्मृती आहे तो राखला. यात खोटं काही नाही. खोटं होतं ते उलट केल्यावर: गंजका सिलिंडर तसाच ठेवायचा आणि बाहेरून लाल रंग मारायचा. चाकाच्या जाळीतून दिसणारे असे लालभडक कॅलिपर रस्त्यावर कमी नाहीत.

आपल्याकडे धर्मशास्त्रानं हा विवेक फार पूर्वी केला आहे आणि त्याला जीर्णोद्धार हे नावही दिलं आहे. देवाधर्मात सगळं जुनं ते पवित्र असा समज असतो, पण प्रथा वेगळंच सांगतात. पुरीला जगन्नाथाचा सोळा चाकांचा नंदिघोष रथ दरवर्षी नव्या लाकडाचा होतो. यात्रेनंतर तो सुटा होतो, त्याची पुष्कळशी लाकडं मंदिराच्या चुलीत जातात, आणि पुढच्या वर्षी नवा उभा राहतो तोही नंदिघोषच. एवढंच नव्हे, खुद्द मूर्तीही बदलतात. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो अशा ठराविक वर्षी नवकलेवर होतं. १९९६ नंतरचं २०१५ साली झालं. नव्या कडुनिंबाच्या मूर्ती घडतात आणि जुन्या मूर्तीतला 'ब्रह्मपदार्थ' रात्रीच्या अंधारात नव्या मूर्तीत ठेवला जातो. तो ठेवणाऱ्या दैतापतींच्या डोळ्यांवर पट्टी आणि हातांवर कापड असतं. काय हलवलं ते त्यांनीही पाहायचं नसतं. म्हणजे रथाबाबत ही परंपरा नागसेनाच्या बाजूची, आणि मूर्तीबाबत आत काहीतरी टिकून राहतं असं मानणारी. दोन्ही एकाच गावात, एकाच देवळात नांदतात.

पंढरपूरचं गणित निराळं. तिथं मूर्ती बदलण्याचा विचारही कुणी करणार नाही. पण लाखो हातांच्या आणि कपाळांच्या स्पर्शानं विठोबाचे पाय झिजतात, हेही डोळ्यांआड करता येत नाही. म्हणून वेळोवेळी वज्रलेप होतो. २०२० साली टाळेबंदीत मंदिर बंद असताना पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तो केला. जी वस्तू अनन्य आहे तिला लेप. जी कामासाठी आहे ती नवी. जुन्या गाडीतला कॅलिपर यांपैकी कुठल्या रांगेत बसतो, याबद्दल फार शंका असू नये. जिव्हाळा स्टिअरिंगवर असावा, डॅशबोर्डवरच्या घड्याळावर असावा. ब्रेकवर जिव्हाळा असणं धोक्याचं आहे. दसऱ्याला बॉनेटवर हार पडतो, चाकाखाली लिंबू जातं, आणि हार जिथं पोचत नाही तिथलं रबरी बूट फाटलेलं असतं.

मग किट की अख्खा? शास्त्रार्थ सोडून सांगायचं तर आधी दोष कॅलिपरचा आहे याची खात्री हवी. तापलेल्या चाकावरून कॅलिपर जाम असा निष्कर्ष काढणं हे धुरावरून अग्नीचं अनुमान झालं, पण इथं धूर दुसऱ्या कारणानंही निघतो. ब्रेकचा रबरी पाइप जुना होऊन आतून फुगला की ऑइल जातं पण परत येत नाही. पेडल सोडलं तरी पॅड दाबलेलेच. जाणता मेस्त्री निपल थोडा सैल करून बघतो. चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता, म्हणजे संशय पाइपवर किंवा मास्टर सिलिंडरवर. नाही झालं तर पिस्टन किंवा पिना. व्यभिचारी हेतू, म्हणजे अग्नी नसतानाही दिसणारा धूर, कसा पकडावा याचा याहून सोपा पाठ तर्कशास्त्राच्या वर्गात मिळायचा नाही.

पिस्टन हवेच्या दाबानं बाहेर काढतात, पुढे लाकडी ठोकळा ठेवून. तिथं बोटं ठेवणाऱ्याची बोटं जातात. सिलिंडर गुळगुळीत असेल, पिस्टनवर खड्डे नसतील, तर नव्या सील आणि बुटांचं किट पुरतं. सील बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा रबर ग्रीस लावायचं. इंजिन ऑइल, डिझेल, साधं ग्रीस यांचा थेंबही लागता कामा नये, त्यानं रबर फुगतं आणि नवा कॅलिपरही जाम होतो. सिलिंडरमध्ये सीलच्या खाचेत खड्डे दिसले किंवा अंगाला तडा असला तर वाद संपला, अख्खा बदला. पाइपच्या जोडाला तांब्याचे वॉशर नवेच घ्या. काम चालू असताना कॅलिपर रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका. आणि एका बाजूचा पॅड बदलला की दुसऱ्या बाजूचाही, नाहीतर ओढ फक्त कूस बदलते.

युरोप-अमेरिकेत तिसरा पर्यायही रुळलेला आहे. जुना कॅलिपर दुकानात द्यायचा, त्याबदली पुनर्निर्मित घ्यायचा. जुना परत दिला की अनामत मिळते. कारखान्यात त्याची चिरफाड होते, गंज उडवला जातो, नवा मुलामा, नवे सील, लागला तर नवा पिस्टन, दाबाची चाचणी, आणि तो भलत्याच गाडीला लागतो. पुनर्जन्माची इतकी रोखठोक व्यवस्था क्वचितच पाहायला मिळते. पण कुठल्या मताचा पुनर्जन्म? गीतेतल्या जीर्ण वस्त्रांच्या दाखल्यात आतला देही तोच राहतो आणि वस्त्रं बदलतात. इथं ओतकाम तेच, वस्त्रं नवी, म्हणजे दाखला चपखल बसतो. फक्त गेल्या जन्मीच्या कर्माचा हिशेब चाचणीच्या टेबलावर पुसून टाकतात, आणि तसं ना गीता करते ना बौद्ध.

बौद्धांनी तर तो हिशेब सगळ्यात जपला, आणि नागसेनाच्या म्हणण्यातला वजनदार भाग तोच आहे. राजानं विचारलं होतं: पुढे जन्मणारा तोच नसेल, तर आधीच्याची पापं त्याला का चिकटावीत? नागसेन आंबे चोरणाऱ्याचा दाखला देतो. चोर म्हणतो, मालकानं लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे, मी दोषी नाही. राजा म्हणतो, दोषीच. कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यामुळेच आले. टिकून राहणारी वस्तू नसली तरी जबाबदारी टिकते, कारण एकातून दुसरं आलेलं असतं. रथाचा दाखला सगळ्यांना आठवतो, आंब्याचा कमी लोकांना. तो आठवायला हवा, कारण त्याच्याशिवाय रथाचा दाखला म्हणजे 'काहीच खरं नाही, मग काय फरक पडतो' अशी निसरडी वाट होते.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १९० जवळपास याच ठिकाणी उभं आहे. धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर आणणारा दोषी, मग तो दोष त्याला ठाऊक असो किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा असो. दुसरा भाग महत्त्वाचा. 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर कायदा ऐकून घेत नाही, कारण चाकाचा वास येत होता, गाडी ओढत होती, ऑइलची पातळी उतरत होती. गाडी तीच की वेगळी, कॅलिपर कंपनीचा की लोकल, मालक पहिला की चौथा, हे सगळं त्या कलमापुढे गैरलागू आहे.

टॉमस हॉब्जनं सतराव्या शतकात अथेन्सच्या थीसियसच्या जहाजाच्या जुन्या कोड्याला एक फाटा जोडला: फळ्या बदलत गेल्या, पण प्रत्येक काढलेली फळी कुणी जपून ठेवली आणि शेवटी त्यांचंच जहाज जोडलं, तर खरं जहाज कुठलं? तत्त्वज्ञ यावर अजून भांडतात. मोटारीच्या बाबतीत हॉब्जचा माणूस काल्पनिक नाही. भंगारात गेलेला कॅलिपर कुणीतरी उचलतं, घासतं, रंगवतं, आणि तो 'चांगला सेकंडहँड' म्हणून दुसऱ्या एखाद्या जुन्या गाडीला लागू शकतो. त्यामुळे तडा गेलेला किंवा आतून खाल्लेला कॅलिपर भंगारवाल्याला द्यायच्या आधी त्याचं सिलिंडर हातोड्यानं फोडून किंवा ग्राइंडरनं कापून टाकणं हे मेस्त्रीच्या कामातच धरायला हवं. खंडित मूर्ती पिंपळाखाली नुसती ठेवून द्यायची नाही, तिचं पाण्यात विसर्जन करायचं, असं जुनी माणसं सांगत. पुरीतही नव्या मूर्ती आल्यावर जुन्यांना मंदिराच्या आवारात कोइली वैकुंठाच्या जागी पुरतात. त्या पुन्हा कुणाच्या देव्हाऱ्यात जात नाहीत.